रिकामी नव्हते मी

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. दिसते तळहाताएवढी, पण हातात घेतलं की जड लागते. माझ्या पोटात आरशासारखी चकती आहे. ती फिरू लागली की मी जात्यासारखी घरघरते.

माझी पहिली वर्षं चंद्रपूरच्या एका ऑफिसात गेली. कोळशाच्या ट्रकांचे आकडे माझ्यावर लिहायचे आणि पुसायचे. नवे कम्प्युटर आले आणि आमचा अख्खा कम्प्युटर भंगारात गेला. तिथून आम्हाला उचललं नूर मोहम्मद यांनी. आरमोरीच्या बाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी माझी धूळ पुसली, मला कोरं केलं आणि माझ्यात लिनक्स नावाची कम्प्युटर चालवणारी प्रणाली घातली.

"म्हाताऱ्या मशीनवर जड ओझं काऊन टाकता?" ते गिऱ्हाइकाला सांगत होते. "हे हलकं हाय. पाच-सात वर्षं कुठी जात नाई."

ते गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या गावचे धानाचे शेतकरी गुणवंतराव. लेक दिव्यानी कॉलेजात जाणार म्हणून ते मला घरी घेऊन गेले.

दिव्यानीची आई सुगंधाबाई. पंचक्रोशीत कुठेही हळद असो, बोलावणं तिलाच यायचं. तिच्या गळ्यात हळदीची गाणी होती. एकाला एक जोडून ती रात्र काढायची. दिव्यानीनं एकदा तिला माझ्यासमोर बसवलं आणि डोक्यावर माइकचा हेडफोन चढवला.

"हे घालून आता विमान चालवू का व?" सुगंधाबाई हसली.

"तू गाय न व आई."

ती गायली. ऐन दुपारी, निवडायचे तांदूळ सुपात तसेच ठेवून. सगळी गाणी माझ्या पोटात उतरली. उठताना ती म्हणाली, "थोडं पाठ करून घे, बाई. माह्या पाठीमागं कोण गाईल?"

"डिस्कमध्ये हाय न आता. पाठ कायले करू?"

मित्रांनो, त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला!

पुढच्याच वर्षी सुगंधाबाई तापानं गेली. काही दिवसांनी कम्प्युटरचा मदरबोर्डही जळाला. नूरभाईंनी मला बाहेर काढलं, लहानशा डबीत बसवलं आणि वायर जोडून दिली. वर बजावलंही: "हिच्यातलं सामान लिनक्सच्या रीतीनं मांडलं हाय. दुसऱ्या कम्प्युटरले ही वाचता येत नाई. त्यानं काही विचारलं तं 'नाई' म्हणा आन् माह्याकडे आणा. अजून एक कॉपी करून ठेवू का, गुणवंतभाऊ?"

"रोवणा आटपू द्या, मंग पाहू," गुणवंतराव म्हणाले.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटपला. धानही कापून झालं. कॉपी झालीच नाही.

दिव्यानीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला. हळद लागताना आईच गाईल. मांडवात स्पीकरचे मोठे बॉक्स लागतील आणि सुगंधाबाईचा आवाज गावभर जाईल. नूरभाई आपला लॅपटॉप घेऊन येणार होते. पण त्यांना यायला उशीर झाला आणि बायांनी हळद लावायला घेतली. आमच्याकडे एकदा हळद लागली की नवरी उंबरा ओलांडत नाही. दिव्यानीनं मला बापाच्या हाती दिलं. गुणवंतराव पंगतीच्या घाईत होते. त्यांनी मला पियुषच्या हाती दिलं.

पियुष म्हणजे दिव्यानीचा मावसभाऊ. घुग्घुसला त्याचा डीजे आहे. मन वाईट नाही त्याचं. त्यानं मला आपल्या लॅपटॉपला जोडलं. लॅपटॉपला माझी रीत ठाऊक नव्हती. 'मला वाचता येत नाही' एवढं सांगून तो थांबला असता तर चाललं असतं. पण त्यानं विचारलं, 'फॉरमॅट करू?' म्हणजे सगळं पुसून नव्यानं मांडू?

"काकाजी, हे तं खाली हाय!" पियुष ओरडला. पंगतीच्या गलक्यात कोणाला ऐकू गेलं नाही. त्यानं 'हो' दाबलं. रिकामी डिस्क मिळालीच आहे म्हणून आपली सगळी गाणीही माझ्यात भरली. माझं पोट लहान. ते काठोकाठ भरलं.

आत दिव्यानी कान लावून बसली होती. बाहेर धडाड-धूम सुरू झालं.

नूरभाई आले. सगळं ऐकलं आणि मला आपल्या लॅपटॉपला जोडलं. "फॉरमॅट केलं तरी सगळं जात नाई. वरून काही भरलं का?"

"माही सगळी गाणी भरली," पियुष म्हणाला. तरीही पंगत उठेपर्यंत नूरभाई माझ्यात शोधत राहिले. शेवटी उंबऱ्यापाशी येऊन म्हणाले, "बेटी, जिथी आवाज होता, तिथी दुसरंच बसलं."

डीजे बंद झाला. दिव्यानीनं पिवळे हात मांडीवर ठेवले आणि स्वतःच सूर लावला:

हळद वाटते बाई, पाटा झाला पिवळा
लेक चालली माझी, गाव झाला मोकळा

बाया पुढच्या कडव्याची वाट पाहत राहिल्या. तिला ते येत नव्हतं. कोणालाच येत नव्हतं. सुगंधाबाई होती तोवर शिकायची गरज नव्हती, आणि नंतर मी होते.

पाठवणीच्या वेळी पियुष मला परत करायला आला. तिनं हात पुढे केला नाही. "घेऊन जाय, दादा. तुह्यंच हाय तिच्यात."

मित्रांनो, 'मला वाचता येत नाही' म्हणणाऱ्याच्या सांगण्यावरून मला रिकामी ठरवू नका. जे परत मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आजच करा. कोणतंही काम आटपायची वाट पाहू नका. आणि आईचं गाणं आईपाशी बसून शिकून घ्या. माझ्या भरवशावर राहू नका. मी लोखंडाची आहे. पुसलं की मी ओरडतही नाही.

आता मी पियुषबरोबर लग्नालग्नांत फिरते. लोक बेभान नाचतात, डिस्क जबरदस्त आहे म्हणतात. इतकं कौतुक माझं आधी कधी झालं नव्हतं.