उताराचा टायर

मुरारीने सायकल उलटी करून सीट आणि हँडलवर उभी केली, पुढच्या चाकाला गिरकी दिली आणि चीर समोर येताच अंगठ्याने चाक थांबवलं. टायर वीतभर फाटला होता. आतली ट्यूब बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर डोकावत होती.

"पोलादपुरापासून ही अशी चालवत आणलीस?"

"अर्ध्या वाटंपर्यंत तिनं मला आनला. पुढं मी तिला," येसाजी म्हणाला.

मुरारी हसला. महाडच्या बाजारात सायकलचं दुकान त्याचं एकट्याचंच, त्यामुळे हसायला आणि रागवायला त्याला कोणाची भीड नव्हती. धंदा तो पुण्यात शिकून आला होता, आणि गिऱ्हाइकाला चार गोष्टी शिकवल्याशिवाय त्याचा हात कामाला लागत नसे. येसाजी त्याचं लाडकं गिऱ्हाईक. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरावरच्या वाडीत राहणारा हा गडी पाच वर्षं मुंबईत एका पेढीची पार्सलं सायकलवरून पोचवत होता, आणि गावी परतला तो सायकलसकट. आता वाड्यावाड्यांतून लोणी गोळा करायचं, ओल्या पानांत बांधायचं आणि ऊन चढायच्या आत महाडला आणायचं, हा त्याचा रोजचा उद्योग.

मुरारीने खुंटीवरून दोन टायर काढून त्याच्या पुढ्यात टाकले. एक सडपातळ, अंगावर नुसत्या बारीक रेघा. दुसरा जाडजूड, करंगळी रुतेल एवढ्या खाचांचा.

"आता सांग, चालवायची कुठं?"

"चालवायची म्हंजे? रस्त्यावर."

"रस्ता काय एक असतो? हा बारका बघ. खडीच्या सडकेवर असा पळेल की पायडल मारायचं विसरशील. पण ओल्या दगडावर त्याचा भरवसा नाही, आणि चिखलात शिरला तर संपलंच. हा जाडा चिखलाला धरून चालतो. खाचांत माती मात्र भरणार, ती काडीने कोरत बसायची. आणि सडकेवर त्याला दामटायचं म्हणजे रेड्याला नाचवायचं. वाटेत उतार किती आहे तुझ्या?"

 सकाळपासून नेमका 'उतार' हाच शब्द येसाजीच्या डोक्यात घोळत होता.

"मुरारीभाऊ, उतार पडला की ये, असं कोनी सांगितलं तर तुमी काय समजाल?"

"सांगितलं कोणी?"

सांगितलं होतं भागोजीने. येसाजीची सासुरवाडी नाते गावाच्या बाजूला, गांधारी नदीपलीकडे; भागोजी तिथला, सासऱ्याचा शेजारी. काल तो भर बाजारातून बैलगाडीत बसून दासगावच्या बंदराकडे निघाला होता, मुंबई गाठायला. येसाजी दिसताच गाडीतूनच ओरडला, "येसाजी! सासऱ्यानं सांगितलंय, उतार पडला की ये!" येसाजीने हात वर केला, तोवर गाडी वळणाआड गेली.

त्या वेळी त्याला काही अडलं नाही. बायको, शकू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली ती आषाढात. गोकुळाष्टमीच्या पुढेमागे मुलगा झाला, तेव्हा गांधारी दोन्ही काठ भरून वाहत होती; निरोपसुद्धा एका काठावरून दुसऱ्या काठाला हाका मारून पोचवला गेला. येसाजीने वाडीभर साखर वाटली, पण पोराचं तोंड काही अजून बघितलं नव्हतं. नदी पायी ओलांडण्याजोगी झाली की तिकडे उतार पडला म्हणतात. पाणी ओसरलं की ये, एवढा साधा निरोप. येसाजी खुशीत घरी गेला. पण आज टायर फाटला, मैल न् मैल सायकल ढकलत चालावं लागलं, आणि चालणाऱ्या माणसाला विचार करायला नको इतका वेळ मिळतो.

मुरारीने सगळं ऐकून घेतलं.

"नदीला उतार पडतो तसा तापालाही पडतो," तो म्हणाला. "घाटाला तर देवानेच दिलाय. त्याला कसला म्हणायचा होता?"

"त्येच तर कळंना."

"तिकडे ताप फार आहे म्हणतात यंदा." बोलून गेल्यावर त्याचं लक्ष येसाजीच्या चेहऱ्याकडे गेलं. "अरे, ताप काय सगळीकडेच असतो या दिवसांत. नदीचंच म्हणाला असेल. परवा रायगडाच्या अंगाला आभाळ केवढं भरलं होतं."

येसाजीच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्याचा सासरा रायबा भला माणूस, पण जावयाला उणी गोष्ट सरळ सांगायची नाही ही त्याची रीत. गेल्या साली दारातली म्हैस मेली, तेव्हा "औंदा दुधाची जरा ओढ हाय" एवढाच निरोप आला होता. पुढे दिवाळीला जाऊन बघतो तर दावं रिकामं. तेव्हा येसाजीला हसू आलं होतं.

"हे बघ," मुरारी म्हणाला, "नदीचा असो नाहीतर तापाचा, अर्थ शेवटी एकच. आज ये असं कोणी म्हटलेलं नाही. उतार पडला की ये. मग आज गेलास तर सासुरवाडीला न बोलावता टपकल्यासारखं होईल. तुझी रोजची वाट सडकेची. बारका घे आणि गप घरी जा."

यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. येसाजी मान डोलावत राहिला. मुरारीने बारका टायर चढवला, हवा भरली, चाक सरळ फिरतंय की नाही ते एक डोळा मिटून पाहिलं. सायकल खरंच झकास पळाली. बाजाराच्या टोकापर्यंत ती कशी गेली ते येसाजीला कळलंही नाही.

टोकाशी कापडाचं दुकान होतं. दारात दोरीवर लहान मुलांच्या कुंच्या टांगल्या होत्या. एक लाल कुंची बघून येसाजी थांबला. पोराचं डोकं केवढं असेल याचा त्याला अंदाज येईना. मूठ पुढे धरून बघितली, मग दोन्ही मुठी. कोणाला विचारावं? भागोजी शेजारचाच, त्याने पोराला रोज बघितलं असणार. त्याला विचारलं असतं तर...

आणि मग त्याला आठवलं, की भागोजी पोराबद्दल काहीच बोलला नव्हता.

नव्या बापाला निरोप द्यायचा आणि पोरगं तुझ्यावर गेलंय, कुणावर गेलंय, रडतं का हसतं, यातलं एक अक्षर नाही! तेवढं सांगायला काही गाडी थांबवावी लागत नाही. आणि निरोप देताना त्याचं तोंड... त्याचं तोंड कसं होतं ते येसाजीला काही केल्या आठवेना. त्याने सायकल वळवली.

"काढा ह्यो," दुकानात शिरता शिरता तो म्हणाला. "जाडा बसवा."

"चाललास कुठं?"

"नात्याकडं."

"अरे पण उतार..."

"म्हाईत नाय मला. बसवा तुमी."

मुरारीने त्या दिवशी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला काही न शिकवता काम केलं. जाडा टायर मडगार्डला घासायला लागला, तेव्हा मडगार्ड सोडवून त्याने न विचारता बाजूला ठेवून दिलं.

सडकेवर सायकल जडच चालली. मांड्या भरून आल्या. पुढे गाडीवाट लागली आणि मुरारी म्हणाला होता तसंच झालं. चाकोऱ्यांत अजून चिखल होता, पण चाक त्याला धरून चाललं, घसरलं म्हणून नाही. माती पाठीपर्यंत उडत होती. दोनदा उतरून येसाजीने खाचा कोरल्या.

मनातला गुंता मात्र काही कोरून निघेना. नदीला पाणी असेल तर निरोप नदीचाच. मग काठावर बसायचं, पलीकडच्याला हाक मारायची, शकू बरी आहे का विचारायचं आणि आल्या वाटेने परत जायचं. मुरारी हसेल तेवढा हसेल. आणि पाणी नसेल तर? गेले दोन महिने तो ज्या नदीला शिव्या घालत होता, तिला आता भरून वाहा म्हणून विनवत होता. आपण असं काही मागतोय याची त्याला लाज वाटली, पण मागणं काही थांबलं नाही. मध्येच वाटायचं, आजच ओसरलं असेल पाणी. काल भागोजी बोलला तेव्हा असेल भरलेलं; तो पट्टीचा पोहणारा, पोहून आला असेल अलीकडे. तसंही होऊ शकतं की!

करंजांच्या झाडांपर्यंत आला तरी पाण्याचा आवाज ऐकू येईना. झाडांपलीकडे नदी दिसली. पात्राच्या मध्यावर दोन म्हशी उभ्या होत्या, गुडघाभर पाण्यात, आणि एक उघडाबोडका म्हातारा त्यांना गवताच्या पेंडीने घासत होता.

"बाबा," येसाजीने काठावरूनच विचारलं, "आज पडला का उतार?"

"आज? गणपती गेलं आन् उतार पडला. पंधरा दिस झालं असतील."

"मधी परत पानी चढलं असंल. परवा आभाळ भरलं होतं."

"आभाळाचं काय! थेंब नाय आला. मी गोमाजी, रोजचा हतंच असतो म्हशी घेऊन." म्हातारा पुन्हा म्हैस घासायला लागला. "कुनाकडं जायाचं?"

"रायबाकडं."

गोमाजीचा हात थांबला. त्याने वळून येसाजीकडे नीट बघितलं, पेंडी पाण्यात सोडून दिली आणि तो काठावर चढून आला. हात धोतराला पुसून त्याने सायकलचं हँडल धरलं.

"शकूचा मालक काय रे तू?"

"व्हय."

"ही हतं राहू दे. मी बघतो. पलीकडं भात उभं हाय, हिला वाट नाय गावायची. बांधाबांधानं पायी जा, लवकर पोचशील."

येसाजीने हँडल सोडलं नाही.

"शकूला ताप हाय ना, बाबा? कसा हाय?"

गोमाजीने सायकल झाडाला टेकवली. ती घसरत नाही ना ते बघायला त्याने नको तेवढा वेळ घेतला.

"पोरगं चांगलं हाय," तो म्हणाला. "रायबाची म्हातारी मांडीवरनं खाली ठेवत नाय त्याला. तू जा रे. पळ."

येसाजीने वहाणा हातात घेतल्या आणि तो नदीत शिरला. पाणी त्याच्या गुडघ्यालाही लागलं नाही.