मोरीतल्या मुंग्या

"पौर्णिमा, गुंजन लघवीले जाऊन आली का मोरीत मुंग्या लागून राह्यल्या वं. जरा पाहाजो."

सासूबाई, शकुंतलाबाई, तव्यावरची भाकर उलटता उलटता म्हणाल्या. पौर्णिमेनं कणकेतून हातही काढला नाही. "आई, त्या बाबांच्या शुगरच्या मुंग्या आहेत. सहा वर्षांच्या लेकराला कुठली शुगर?"

आणि शुगरचं त्या घरात तिच्याएवढं कळत होतं तरी कोणाला? सेलूच्या त्या घरात सासऱ्यांचं, तानबाजींचं, बोट रोज सकाळी तीच टोचायची. बी.एस्सी. झालेली सून, आकडे तिला तोंडपाठ. उपाशीपोटी शंभराच्या आत म्हणजे ठीक, त्यापुढे सव्वाशेपर्यंत म्हणजे उंबरठ्यावर, त्याच्याही वर वारंवार आली की मधुमेह. जेवणानंतर दोन तासांनी एकशेचाळीसच्या आत हवी. तानबाजींनी आमरसाची वाटी ओढली की ती नुसती बघायची. "गोपालनं बायको नाई, ठाणेदारीण आणली घरात!" म्हणत ते वाटी परत सरकवायचे.

मे तापला होता. गुंजन सारखी माठापाशी. पेला तोंडाला लावला की खाली ठेवतच नसे. ऊन लागलं, सगळे म्हणाले. आजीनं फ्रॉकच्या खिशात कांदा ठेवला. पौर्णिमेनं गूळ घालून कैरीचं पन्हं केलं आणि पोरगी मागेल तेव्हा पाजलं. जितकं पाजलं तितकी तहान वाढली. अंथरूण ओलं करायची सवय कधीची सुटलेली, ती परत आली. फ्रॉक खांद्यावरून घसरू लागला. "उन्हाळ्यात लेकरं वाळतेतच," शेजारच्या रुख्मिणीकाकू म्हणाल्या. पौर्णिमेला काळजी वाटायची. पण कशाची, ते तिला सांगता येत नव्हतं.

मग तानबाजी हिंगणघाटला लेकीकडे लग्नाला गेले. साखर मोजायची मशीन घरीच राहिली. विसरले म्हणे! बुंदीच्या आड ती येऊ नये म्हणून मुद्दाम विसरले, हे सगळ्या घराला ठाऊक.

ते गेल्यावर दोन-चार दिवसांनी पौर्णिमा सकाळी मोरी धुवायला वाकली. कोपऱ्यात मुंग्यांची रांग लागली होती. काळी, दाट.

बादली तिच्या हातातच राहिली.

बाबा तर हिंगणघाटला.

"गुंजन!" ती ओरडली तशी सासूबाई धावत आल्या. पोरगी खाटेवर पडून होती, ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. पौर्णिमेनं तिचं बोट टोचलं. चारशे अडतीस.

बोटाला पन्ह्याचा गूळ लागला असेल! ती गुंजनला उचलून नळाशी घेऊन गेली, साबणानं हात धुतले, कोरडे पुसले, दुसरं बोट टोचलं. चारशे एकतीस.

"मशीन बिघडली असन," सासूबाई म्हणाल्या. "लेकराले कुठं शुगर होते का?"

पौर्णिमेनं त्यांचंच बोट धरून टोचलं. एकशे आठ. चहा-भाकर झालेली होती. म्हणजे अगदी ठीक. मशीन शहाणी होती.

गुंजनला उलटी झाली. ती खोल, भराभर श्वास घेत होती आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. गोपाल दुकान उघडं टाकून आला. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये पोरगी. वर्ध्याचा रस्ता संपता संपेना.

दवाखान्यात सलाईन लागलं, इन्सुलिन सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा लहान मुलांना होणारा मधुमेह. हिच्या शरीरात इन्सुलिनच बनत नाही. गोड खाल्ल्यानं झालेला नाही, तुम्ही काही केल्यानंही नाही. पण रक्तात आम्ल साठलं होतं. संध्याकाळपर्यंत थांबला असता, तर बेशुद्ध होऊनच आली असती."

पौर्णिमेला पुढचं ऐकू आलं नाही. आजोबांच्या वाटीवर तिची नजर होती; पोरीच्या हातात पन्ह्याचा पेला तिनंच दिला होता.

तिसऱ्या दिवशी गुंजन उठून बसली. सुईकडे पाहत म्हणाली, "हे रोजच?"

"रोज," पौर्णिमा म्हणाली. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

"आबालेही टोचतेस, मले बी टोचशील. मग आमी दोघं एका पार्टीत."

भेटायला आलेले तिचे आबा, तानबाजी, दाराकडे तोंड करून उभे राहिले.

आता गुंजन शाळेत जाते. डब्याच्या पिशवीत औषधाची छोटी पेटी असते. पौर्णिमा मात्र रोज सकाळी मोरीच्या कोपऱ्यात वाकून बघते. भेटेल त्याला ती जे सांगते, तेच तिचं तुमच्याकडेही मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी एखादं लेकरू सारखं पाणी पीत असेल, सारखं लघवीला जात असेल, वाळत चाललं असेल, तर उन्हावर ढकलू नका. मुंग्यांची वाट पाहू नका. आजच दवाखान्यात त्याचं बोट टोचून साखर बघा. हे वाचताना कोणाचा तरी चेहरा डोळ्यांपुढे आला ना? त्याच्याकडे आधी जा.