बेटावर सोडलेली मांजर

"लिहा बाई, हिच्या घरच्यांनी कुरकुटीची अंडी खाऊन संपवली," असं म्हणत माझ्या मुलानं, कमळाकरनं अंगणातल्या बायजाबाईकडे बोट दाखवलं.

मुंबईच्या कॉलेजातल्या बाई वही उघडून आमच्या ओटीवर बसल्या होत्या. बेलापूरच्या खाडीत, आमच्या गावासमोरच्या ओसाड बेटावर कुरकुटी नावाचा पक्षी होता. जगात दुसरीकडे कुठे नव्हता म्हणे. आता त्र्याऐंशी साल. पाच वर्षांत एकही कुरकुटी कुणाला दिसली नव्हती, त्याचीच चौकशी करायला बाई आल्या होत्या.

डोक्यावरची मासळीची पाटी न उतरवताच बायजाबाई म्हणाली, "खाल्ली त. माज्या सासूनं खाल्ली, तिच्या सासूनं खाल्ली. पन घरट्यान दोन ठेवल्याबिगर कोनी हात लावला नाय."

"अंडीखाऊ बाय!" कमळाकर हसला.

ते नाव मीच पाडलेलं. माझ्या तोंडापुढे गावात कुणी टिकत नाही.

सत्त्याहत्तर साली माझी मांजर रोज सुकटीवर तुटून पडायची. मांजर मारणं पाप, म्हणून आमच्यात गोणीत घालून खाडीपलीकडच्या गावात सोडतात. पण माझी, गोजराबाईची मांजर चोरटी, हे पलीकडच्यांनी का बोलावं? मी होडी बेटाला लावली आणि गोणी तिथेच मोकळी केली. मांजर गाभण होती. कुरकुटीला धड उडता येत नव्हतं. बेटावर कोल्हा नाही की मांजर नाही, ती उडेल कशाला? वर्षानं गेले तर पिसंच पिसं, आणि सात मांजरं. घरी येऊन मी अंडी संपवल्याचा आळ बायजाबाईवर घातला.

"तुमचं पूर्ण नाव सांगा," बाई बायजाबाईला म्हणाल्या.

"तिचा नाव नको लिवू," मी म्हटलं. "मांजर माजी व्हती." आणि सगळं सांगून टाकलं.

"आये, गप ना!" कमळाकर ओरडला.

"मना ठाव हाय," बायजाबाई म्हणाली. "तुजी होरी मी बगितली व्हती. गोन हालत व्हती."

"मंग इतकी वरसा बोलली का नाय गो?"

"तुज्यापुरं? माजा ऐकला कोनी असता?"

बाईंनी लिहिलेली ओळ खोडली. माझं नाव विचारलं, मी सांगितलं. मग मी ओटीवर सरकून बायजाबाईला जागा केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तिनं जागेकडे पाहिलं. डोक्यावरची मासळीची पाटी सावरली.

"मावरा खराब होल," म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेला लागली.