लाल चिंधीची गाठ

मित्रांनो, मी सेनापती मोरिवाकी कानेतोशींचा जुना शिरटोप आहे. आज देवळातल्या पेटीत पडून असलो, तरी मला कुणाची कीव नको. शत्रूच्या गावात पोरं जेवेनाशी झाली की आया म्हणायच्या, "शिंगवाला येईल हं." तो शिंगवाला म्हणजे आम्ही दोघं. खरं तर माझी शिंगं हलक्या लाकडाची आहेत, वर नुसता सोन्याचा वर्ख. माणूस लोखंडापेक्षा चकाकीला जास्त भितो, हे मला घडवणारा म्हातारा लोहार पुरता ओळखून होता.

माझी ताकद मात्र दोरीत होती. आमच्याकडची रीत अशी, की मरायचंच ठरवून निघालेला वीर टोपाची दोरी हनुवटीखाली बांधतो आणि उरलेले शेंडे कापून टाकतो. ही गाठ आता पुन्हा सोडायची नाही, असा त्याचा अर्थ. शेंडे कापलेले वीर छाती काढून चालत. कानेतोशींनी ते कधीच कापले नाहीत. उलट छातीवर रुळतील इतके लांब ठेवत. त्यांचे भालेकरी नांगर सोडून आलेले, ते सकाळी आधी माझी दोरी बघत. गोनरोकू नावाचा थट्टेखोर भालेकरी म्हणे, दोरी लांब आहे, म्हणजे संध्याकाळचं सूप चुलीवर ठेवायला हरकत नाही.

मग कानेतोशींचे धनी एक लढाई हरले. त्यांच्या फौजेला निसटता यावं म्हणून कानेतोशींनी अंधार पडेपर्यंत नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा, अडवायचा, असं ठरलं. हा हुकूम आणणाऱ्या सरदाराने स्वतःची कट्यारही पुढे केली.

"शेंडे कापा, सेनापती. परतायचं नाही, हे माणसांना कळू दे."

"कळलं तर दुपारीच संपतील," कानेतोशी म्हणाले. "मरायला निघालेला माणूस घाई करतो. मला अंधारापर्यंत पुरायला हवेत."

"धन्यांचा हुकूम मोडताय तुम्ही."

"नदी राखायचा हुकूम पाळतोय. दोरी माझी आहे."

शेंडे न कापता जिवंत परतलात तर भित्रे ठराल, पथकाचं निशाणही काढून घेतलं जाईल, असं सरदाराने बजावलं. कानेतोशींनी गाठ तेवढी घट्ट केली आणि पाण्यात उतरले.

दिवसभर रांग हलली नाही. ऊन कलताना एका घोडेस्वाराची तलवार माझ्यावरून घसरली आणि दोरीचा एक शेंडा छाटून गेली. मला साधा पोचा आला नाही, पण बाजूच्यांना दिसली ती आखूड दोरी. सेनापतींनी शेंडा कापला, अशी कुजबुज पसरली. मग मरायचंच आहे तर एकदाचं मरू, म्हणत माणसं रांग सोडून खोल पाण्याकडे धावू लागली. ज्याची धास्ती होती, तेच झालं.

कानेतोशी नदीकाठच्या बांधावर चढले. बाण येत होते. त्यांनी कमरेचा लाल पट्टा टरकन फाडला आणि तुटक्या टोकाला चिंधी बांधली, मूळ शेंड्याहून वीतभर लांब.

"गोनरोकू," ते ओरडले, "सूप करपलं तर तुलाच पाजीन सगळं."

कुणीतरी हसलं. मग सगळी रांग हसली आणि हसता हसता पुन्हा जुळली. अंधार पडला तेव्हा शत्रू पलीकडेच होता. सगळे परतले नाहीत, मित्रांनो. पण जे परतले, ते सूप प्यायले.

निशाण गेलं ते गेलंच. पुढच्या लढायांत शत्रूला त्याची गरजही पडली नाही, लाल चिंधी दिसली की घोडे आपसूक वळायचे. कानेतोशी म्हातारे होऊन आपल्याच चटईवर वारले. हनुवटीखालची गाठ ते दर वेळी घरी येऊन सोडत. चिंधीची गाठ मात्र त्यांनी कधीच सोडली नाही.

आता देवळाच्या राखणदाराने माझ्यासाठी नवी रेशमी दोरी आणली आहे. मळकी चिंधी शोभत नाही म्हणे. मित्रांनो, मला पुसा, किडीपासून जपा, मोडलेलं शिंग जोडलंत तरी उपकार मानीन. पण त्या गाठीला हात लावू नका. ती बाणांसमोर उभं राहून बांधलेली आहे. सोडायची असेल, तर सोडणाऱ्याने आधी त्या बांधावर उभं राहून दाखवावं.