काकांना चालेल असा निसर्ग

आमच्या घरात सध्या टीव्हीचा रिमोट माझ्याकडे असतो, आणि तोही डॉक्टरांच्या कृपेने. सोमनाथकाका दिंडोरीहून आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर राहायला आलेत. त्यांची छाती धडधडते, झोप लागत नाही. हृदयाचे सगळे रिपोर्ट चांगले आले, म्हणून पप्पा त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे काकांचं एकच उत्तर, "तसं सगळं बरं हाय." डॉक्टरांनी फिरवून फिरवून विचारलं, तरी तेच. शेवटी त्यांनी गोळ्या दिल्या, गुरुवारी परत बोलावलं आणि निघताना सांगितलं, रोज थोडा वेळ निसर्गाचे व्हिडिओ बघा, मन शांत व्हायला मदत होते. पप्पांना काळजी ही, की काका गुरुवारीही असेच गप्प बसले तर डॉक्टर तरी उपचार कशावर करणार?

व्हिडिओ निवडायचं खातं मी लगेच माझ्याकडे घेतलं. यंदा वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला जमणार नाही असं जगात काही उरलेलंच नाही. (पप्पा याला डोक्यात हवा जाणं म्हणतात.) सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेला व्हिडिओ निवडला. घनदाट जंगल, पानांवर टपटपणारा पाऊस, आवाज मोठा. चहा घेऊन बाहेर आले तर काका चपला घालून दारात उभे. फोनवर काकूला विचारत होते, तिकडे पडतोय का. गावी काकांच्या बागेत द्राक्षं तयार, माल काढायला आठवडा राहिलेला, एका सरीत मणी तडकतात. आणि मी त्यांना पाऊस ऐकवला होता.

मग धुक्यातले डोंगर लावले. काका म्हणाले, असल्या हवेत बागेवर रोग येतो. पक्षी लावले, तर बुलबुल दिसताच सरसावून बसले. "हाच तो, मणी फोडणारा." बर्फ लावला तेव्हा उठून बाल्कनीत गेले. पृथ्वीवरचा एवढा निसर्ग, आणि सगळा काकांच्या बागेवर टपलेला. मी हरणार होते, खरंच.

बुधवारी संध्याकाळी समुद्राखालचा व्हिडिओ लावला. निळं पाणी, एक प्रचंड देवमासा, शेजारी त्याचं पिल्लू. काका बराच वेळ बघत राहिले.

"याला फवारणी नाय, छाटणी नाय," ते म्हणाले. "कोणी राखायलाच नको."

मग टीव्हीकडेच बघत बोलायला लागले. मागच्या वर्षी गारा पडल्या तेव्हा ते बागेत एकटे होते. डोक्यावर क्रेट धरून उभे राहिले आणि सगळे घड खाली येताना बघितले. तेव्हापासून डोळे मिटले की तोच आवाज. हे त्यांनी काकूलाही सांगितलं नव्हतं.

मी रिमोट उचलून टीव्हीचा आवाज कमी केला. पिल्लू श्वास घ्यायला वर गेलं, परत आईपाशी आलं.

"काका, हे उद्या डॉक्टरांना सांगा."

"तूच सांग ना. तुला नीट बोलता येतं."

"तुम्हीच सांगायचं. मी शेजारी बसते, शाळेत उशिरा जाईन."

काकांनी टीव्हीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "हसायचे नाय ना ते? एवढा बाप्या गडी गारांना भितो म्हणून?"

"नाही हसणार."

"मंग उद्या डॉक्टरांकडं तू आधी आत जा," काका म्हणाले. "मी येतो तुझ्या मागनं."