आधी चित्र, मग आवाज

"काल दुपारी मी बाबांना फोन लावला," ती म्हणाली. "उचलला गेला."

नेटवर्कवाल्या काकांनी हातातली पक्कड टेबलावर ठेवली.

"कोणी उचलला?"

"कोणीच नाही. खोली दिसली. पलंग, खिडकी, नवी चादर." तिने मोबाइल पुढे धरला. यादीत अजून नाव होतं: सातचे बाबा. "त्यांना जाऊन आठ दिवस झालेत, काका."

इस्पितळाच्या तळमजल्यावरची ती खोली अर्धी अडगळीची, अर्धी ऑफिसची. काका तिथे तेवीस वर्षं बसत होते. वर संसर्गाच्या वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत, म्हणून प्रत्येक पलंगासमोर पडदा आणि कॅमेरा. रुग्णाला हात उचलवत नाही, म्हणून फोन आपोआप उचलला जाई. नंबर कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून काकांनी प्रत्येक यंत्राला नाव दिलेलं. चारची आई. नऊचा दादा. नाव दाबलं की सर्व्हर नंबर शोधून देई. रोज सकाळी काका अकराही नावांना फोन लावून तपासत. रिकाम्या खोल्यासुद्धा इमानदारीने उचलत.

नाव: सातचे बाबा. स्थिती: काढून टाकले. मुदत: दहा दिवस.

"त्याच संध्याकाळी मी नाव काढलं, ताई. पण एकदा कळलेलं नाव बाकीची यंत्रं मुदतीपर्यंत धरून बसतात. मुख्य सर्व्हर पडला तरी फोन लागावेत म्हणून मुदत मीच लांब ठेवली होती. आत्ता पुसतो."

"नको. आज सकाळी मी दोनदा लावला."

काकांनी कीबोर्डवरून हात काढला.

"मग तक्रार काय?"

"तक्रार नाही, विचारायचंय." ती स्टुलावर बसली. "आई गेली तेव्हा मी खाली गाडीत बसून होते. वर यायचा धीरच झाला नाही. बाबांना सांगितलं, रस्ता तुंबला होता. चार वर्षं तेच सांगितलं. शेवटच्या फोनवर मात्र खरं बोलले. मग तेही काहीतरी बोलायला लागले. दाढीचा केस न् केस दिसत होता, ओठ हलत होते. आवाज एवढासाही नाही." ती थांबली. "त्यांनी माझं ऐकलं का? की 'ऐकू येत नाही, ऐकू येत नाही' एवढंच म्हणत होते?"

काकांनी त्या दुपारची मांडणी पडद्यावर काढली.

पहिला क्रम: चित्र. दुसरा क्रम: आवाज.

लाइनवर जागा कमी असेल तर आधी आवाज पुढे जाऊ द्यायचा, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. चित्र थिजलं तरी बोलणं चालतं. पण त्या आठवड्यात मोठे डॉक्टर खाली आले होते. "काय हो काका, तुमच्या पडद्यावर पेशंट आहे की चौकोनांचं शब्दकोडं? नातेवाईक घाबरतात!" काकांनी अकराही यंत्रांवर क्रम उलटा केला. दोन दिवसांनी परत सुलटा. मधे तिच्या शेवटच्या फोनची ती एक दुपार.

काकांनी वर वॉर्डात फोन लावला.

"सिस्टर, सात नंबरचे बाबा. शेवटचा फोन झाला तेव्हा तुम्ही होता ना? काही कानावर पडलं?"

"अकरा पलंग आणि दोन हात, काका. कान कुठून आणू?" मग हळू आवाजात, "मुलगी आलीय का? सांगून टाका ना, 'सुखी राहा पोरी' म्हणाले. मी कितीदा सांगितलंय. कुणाचं काही बिघडलं नाही."

"बरं," म्हणून काकांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

वाक्य तयार होतं. अगदी जिभेवर होतं.

"त्यांना माहीत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी यंत्राची नोंद उघडली. "इथे बोलणं साठत नाही, फक्त मोजमाप साठतं. हे बघा. तुमच्याकडून खोलीत आलेला आवाज. तूट शून्य."

"म्हणजे?"

"तुमचं सगळं पोचलं. शब्दन् शब्द." काकांनी चष्मा काढला. "त्यांचं बाहेर पडलं नाही. यंत्रातून जाणाऱ्या गोष्टींचा क्रम मी बदलला होता. चित्र पुढे घातलं, आवाज रांगेत मागे राहिला, आणि मागे राहिलेलं टाकून दिलं जातं. चूक दुसऱ्या कुणाची नाही. मी केलं."

ती पडद्याकडे बघत राहिली.

"आता सापडणार नाही?"

"नाही."

काका शिव्या खायच्या तयारीने बसले.

"किती बोलले?"

"माणूस गप्प असला की हे यंत्र आवाज रांगेत घालतच नाही. तुमचं संपल्यावर..." त्यांनी आकडा पुन्हा वाचला. "एक्केचाळीस सेकंद. धापही त्यातच धरा."

"ऐकू येत नाही म्हणायला एवढा वेळ लागत नाही."

"नाही लागत."

"एक्केचाळीस म्हणजे किती हो, काका?"

काकांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवलं. सेकंदकाटा बारावर यायची दोघांनी वाट पाहिली. तो निघाला. मधेच वॉर्डचा फोन वाजला, वाजून थांबला. पस्तिसाच्या आसपास तिने मान हलवली, समोरच्याचं पटल्यासारखी. काटा एक्केचाळीसवर आला, पुढे गेला.

काकांनी घड्याळ उचललं नाही.