पुसली जाणारी रजिया

मी एक जुनी लाकडी फ्रेम आहे, मित्रांनो. भिंतीवर मिरवणारी नव्हे, फोटो छापणारी. माझ्या काचेखाली निगेटिव्ह आणि कागद ठेवायचा, मागून फळी लावायची, पितळी पट्ट्यांनी दाबायची आणि मला उजेडात धरायचं. शिरूरच्या एका सुताराने मला सागवानातून घडवलं, ते अल्लाबक्ष फोटोग्राफरसाठी. किती नवरानवरी आणि किती पैलवान मी छापले! लोक अल्लाबक्षचं कौतुक करत आणि ते माझं. पुढे रंगीत फोटो आले आणि त्यांच्या मुलाने, अफताबने, मला माळ्यावर टाकलं.

२००४ साली अफताबच्या मुलीने, निखतने, मला खाली काढलं. निखत तान्ही असतानाच तिची आई रजिया वारली होती. आईची एकच आठवण घरात होती, ती म्हणजे आजोबांनी काढलेल्या तिच्या फोटोची काचेची निगेटिव्ह. दौंडच्या रंगीत लॅबने 'असल्या काचा आता चालत नाहीत' म्हणून ती परत पाठवली. मग कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या निखतने उन्हात निळे फोटो छापायची जुनी रीत शोधून काढली. कागदाला औषध फासायचं, निगेटिव्हखाली ठेवून ऊन दाखवायचं, मग पाण्यात धुवायचं.

मला कोण आनंद झाला! गच्चीवर माझ्या पोटातून रजिया निघाली ती अगदी ठसठशीत, नाकातल्या चमकीसकट. निखतने कागद ट्रेमधल्या पाण्यात सोडला आणि बघता बघता आई फिकी पडली. शेवटी हातात पिवळट कागद उरला.

"ह्या फ्रेमचाच घोळ हाय अब्बा. नीट दाबतच न्हाई ती."

माझा घोळ? मित्रांनो, बोअरचं पाणी इतकं खारं, की साबणाला फेस येत नव्हता, बादल्यांवर पांढरे थर चढले होते. तेच पाणी निळा रंग खात होतं. मी शेजारी पडून सगळं बघत होते, पण मला तोंड कुठे आहे? निखतने कागद बदलला, औषध बदललं, माझी काच बदलली, बिजागरीत तेल घातलं. पाणी तेवढं बदललं नाही. लहानपणापासून प्यायलेल्या पाण्याचा संशय कुणाला येतो? रोज आई यायची, रोज पुसली जायची आणि रोज बोलणी मी खायचे.

शेवटी चिडून तिने माझ्या फळीखाली पुठ्ठ्यावर पुठ्ठे कोंबले आणि पट्ट्या जोरात दाबल्या.

"हळू गं, काच हाय ती!" अफताब म्हणाला.

तेवढ्यात कट् असा आवाज झाला. निगेटिव्ह कपाळापासून हनुवटीपर्यंत तडकली. निखत रडायला लागली. मलाही रडावंसं वाटलं.

त्याच उन्हाळ्यात बोअर आटलं आणि गल्लीत नदीच्या पाण्याचा टँकर येऊ लागला. तडकलेली काच टाकवेना म्हणून निखतने तिच्यावरून आणखी एक कागद छापला आणि टँकरच्या पाण्यात धुतला. रंग उडाला नाही, उलट गडद होत गेला.

"अब्बा, पाणी! बोअरचं पाणीच नडत व्हतं!"

अफताब ट्रेवर वाकला. "ऱ्हायली गं," म्हणाला.

आता रजिया अफताबच्या फोटोच्या दुकानातल्या भिंतीवर आहे, चेहऱ्यावर आरपार निळी रेघ घेऊन. गिऱ्हाईक विचारतात, ही रेघ कसली? निखत मान वर न करता सांगते, "जुन्या फ्रेमनं काच फोडली."

मित्रांनो, काम बिघडलं की आम्हा मुक्या वस्तूंना आवळण्याआधी जरा आजूबाजूला बघा. चूक आज ना उद्या सापडते, पण तोवर आईची काच तडकलेली असते.